थोरल्या जावयांचं राज्यशास्त्र

“सत्ता म्हणजे काय हे ज्याला कळलं, त्याला अख्खी मनुष्यजात कळली!” असा उद्गार काढून प्राध्यापकांनी हातातला मेहुण्याचा शर्ट पुन्हा साबणाच्या पाण्यात बुडवला.

उद्गार मोठा होता, पण ऐकायला बाथरूममध्ये कोणी नव्हतं. बाहेर सासऱ्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती सगळं घर जमलं होतं आणि धाकटे जावई, म्हणजे प्राध्यापकांचे साडू, सरकार टिकेल की पडेल यावर बोलत होते. मध्येच सासूबाईंचा आवाज आला, “जावईबापू, निघाला का हो शाईचा डाग?” हा प्रश्न थोरल्या जावयांना होता. सरकारचे प्रश्न धाकट्यांना जात, डागाचे थोरल्यांना.

पूर्वी असं नव्हतं. थोरले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि धाकटे भौतिकशास्त्राचे. त्यामुळे सासुरवाडीत डाग पडला की थोरल्यांना हाक आणि फ्यूज उडाला की धाकट्यांना. दोघांचाही मान सारखाच, म्हणजे बेताचाच. पण दोन वर्षांपूर्वी धाकट्यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, चांगलं पन्नाशीला टेकलेलं वय असताना ते राज्यशास्त्राच्या डॉक्टरेटला जाऊन बसले. तेव्हापासून सासरे, जे निवृत्त मुख्याध्यापक होते आणि जगाकडे अजून सहावीचा वर्ग म्हणूनच बघत, दर रविवारी पेपरची घडी करून धाकट्यांकडे वळत आणि विचारत, “काय, तुमचा अंदाज काय?” धाकटे चष्मा काढून पुसत. सगळं टेबल घास हातात धरून थांबे. मग ते म्हणत, “हे जरा गुंतागुंतीचं आहे.”

एवढंच! गुंतागुंतीचं आहे! हे सांगायला डॉक्टरेट कशाला लागते, हे प्राध्यापकांना समजत नसे. आणि फ्यूजचं काय झालं म्हणाल, तर ‘आता त्यांना कुठं त्रास देता’ म्हणून फ्यूजही रसायनशास्त्राकडे आले होते.

त्या रविवारी घरी जाताना प्राध्यापकांनी पत्नीला विचारलं, “अगं, मी राज्यशास्त्रात डॉक्टरेट केली तर?”

“अहो, पण तुमची एक झालीये ना?”

“ती रसायनात. ती धरत नाहीत.”

“कोण धरत नाही?”

“तुझे वडील.”

पत्नीने त्यांच्याकडे नीट बघितलं. “तुम्ही जळताय.”

“जळणं म्हणजे ऑक्सिजनशी संयोग,” प्राध्यापक म्हणाले, “माझा तसा काही झालेला नाही.” आणि घर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले.

विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात दुसऱ्या शाखेतल्यांनाही प्रवेश मिळे, पण त्यांना काही जास्तीची कागदपत्रं जोडावी लागत. त्यांतलं पहिलं शिफारसपत्र. ते प्राध्यापकांनी आपल्या प्राचार्यांकडून आणलं. प्राचार्य मनाचे स्वच्छ होते. त्यांनी लिहिलं, ‘यांच्या प्रयोगशाळेत आजवर एकही उल्लेखनीय स्फोट झालेला नाही.’ दुसरं, ‘आपण राज्यशास्त्राकडे का वळू इच्छिता?’ याचं उत्तर. याचे प्राध्यापकांनी बरेच मसुदे केले. पहिल्या मसुद्यात साडूंचा उल्लेख चार ओळींत होता, दुसऱ्यात दोन ओळींत, आणि शेवटच्यात ‘समाजातील काही व्यक्तींमुळे’ एवढाच राहिला.

खरी पंचाईत तिसऱ्या कागदाची होती. स्वतःच्या निरीक्षणावर आधारलेला एक निबंध हवा होता. धाकट्यांनी म्हणे तेव्हा आपल्या कॉलेजच्या कॅन्टीनमधल्या गटबाजीवर लिहिला होता आणि त्याची विभागात वाहवा झाली होती. प्राध्यापकांनी आठवडाभर डोकं खाजवलं. निरीक्षण त्यांना येत होतं, पण नुसतं बघत बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. आयुष्यभर त्यांनी टायट्रेशन शिकवलं होतं. खाली फ्लास्कमध्ये एक द्राव, वर नळीत दुसरा. खालच्यात दर्शक म्हणून एखादं रंग बदलणारं द्रव्य टाकायचं आणि वरून थेंब थेंब सोडत राहायचं. ज्या थेंबाला खालचा रंग पालटून गुलाबी होतो आणि टिकतो, तिथं हात थांबवायचा. तो अंतिम बिंदू.

दाढी करताना त्यांना एकदम सुचलं. माणसांचं टायट्रेशन का होऊ नये?

फ्लास्क तयारच होता. ते राहत ती इमारत. तिच्यात एक समिती होती आणि समितीत सचिव होते. वर्षानुवर्षं तेच. सगळे त्यांच्यावर खूष होते, म्हणजे कोणाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. वरून सोडायचा द्राव म्हणजे असंतोष. आणि दर्शक? दर्शक तर निसर्गानंच दिला होता. इमारतीचे खजिनदार गोरेपान आणि पूर्ण टकलू. मनाला जरा काही लागलं की टाळू आधी गुलाबी होई, मग तोंडातून शब्द फुटे. इतका विश्वासू दर्शक कॉलेजच्या भांडारातही मिळाला नसता.

प्राध्यापक पद्धतशीर माणूस. थेंबाचं माप चुकू नये म्हणून प्रत्येक वाक्य ते आधी घरी म्हणून बघत. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ते म्हणाले, “गच्चीची किल्ली सचिवांकडेच का असते गं? सहज आपलं विचारलं.”

“मला काय माहीत?” पत्नी म्हणाली. प्राध्यापकांनी समाधानाने मान हलवली. वाक्य सौम्य होतं. मग ते खाली जाऊन समोरच्या दंतवैद्यांना जिन्यात गाठून तेच म्हणाले.

दंतवैद्य क्षणभर थांबले. “खरंच की हो. का असते?”

दुसऱ्या दिवशी दुसरा थेंब, तळमजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाईंना. “सचिव आपल्या मजल्याचा दिवा आधी बदलतात, नाही? असतं एकेकाचं.” तिसरा थेंब लिफ्टमध्ये, कोणालाही उद्देशून नाही. “माणूस चांगला आहे. पण विचारत नाहीत कुणाला.” रोज संध्याकाळी प्राध्यापक बाकावर बसलेल्या खजिनदारांची टाळू बघून येत. टाळू अजून पांढरी होती. अंतिम बिंदू दूर होता.

आता इथं प्राध्यापकांच्या हिशेबात एक गोष्ट आली नव्हती. वाक्य घरी म्हणून बघितलं, की ते घरात राहत नाही. पत्नी रोज सकाळी चार बायकांबरोबर फिरायला जाई. तिला प्रयोग ठाऊक नव्हता. तिला एवढंच दिसत होतं, की जन्मात शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल चकार शब्द न काढणारा आपला नवरा हल्ली रोज किल्लीबद्दल बोलतोय, म्हणजे प्रकरण गंभीर असणार. तिने ते तिखटमीठ लावून चौघींना सांगितलं. चौघींनी घरी जाऊन आणखी लावलं. म्हणजे एका फ्लास्कवर दोन नळ्या उघड्या होत्या आणि प्राध्यापक एकीचेच थेंब मोजत होते.

“गच्चीवर म्हणे सचिव पापण्या मिटून तासतासभर बसतात,” दंतवैद्यांनी एके दिवशी प्राध्यापकांनाच सांगितलं. “आपण गच्चीत गेलो तर मात्र कुलूप.”

“हे कोणी सांगितलं?” प्राध्यापक दचकले. हा थेंब त्यांचा नव्हता.

“सगळेच म्हणतायत.”

वर्गात ते मुलांना नेहमी सांगत, शेवटी शेवटी थेंब अगदी जपून सोडा, एक जास्त पडला की सगळं वाया. पण महिनाअखेर भरलेल्या इमारतीच्या सर्वसाधारण सभेत खजिनदारांची टाळू फिकट गुलाबी झालेली पाहिली आणि त्यांचा स्वतःचाच हात थांबेना. डोळ्यांपुढे विभागात वाहवा मिळवणारे साडू आले. ते उठून गोड आवाजात म्हणाले, “मला वाटतं, सचिवांना बोलू द्यावं. त्यांचीही काही बाजू असेलच.”

सचिव खुर्चीतून उभे राहिले. “म्हणजे? माझ्यावर आरोप काय आहे?”

हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं, त्यामुळे सगळे एकदम बोलू लागले. खजिनदारांची टाळू गुलाबी, लाल करत करत जांभळी झाली. असा रंग प्राध्यापकांनी कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता. अध्यक्षांनी राजीनामा दिला. अध्यक्षांनी दिला म्हणून खजिनदारांनी दिला. सचिवांनी दिला नाही. ते नुसते चालते झाले आणि संध्याकाळच्या गाडीने मुलीकडे निघून गेले. किल्ली खिशात.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राध्यापक अंगाला साबण लावून उभे होते, तेव्हा नळाने एक उसासा टाकला आणि तो गप्प झाला. टाकीची झडप गच्चीत होती. सचिव ती रोज पहाटे उठून उघडत आणि पाणी चढेपर्यंत तिथंच एक डुलकी काढत, हे त्या दिवशी इमारतीला कळलं. कुलूप तोडावं, तर त्याला समितीचा ठराव लागत होता आणि समिती उरली नव्हती. समिती निवडावी, तर सभा बोलवायला सचिव लागत होते. सगळे बादल्या घेऊन जिन्यात उभे राहिले.

“प्राध्यापकसाहेब,” दंतवैद्य म्हणाले. त्यांच्याही हातात बादली होती. “तुमचे साडू राज्यशास्त्रातले ना?”

“नाहीत,” प्राध्यापक म्हणाले. “म्हणजे, आहेत. पण ते फार कामात असतात.”

“अहो, फोन करा ना! असल्या प्रसंगाला त्यांच्यासारखा जाणता माणूस हवा.”

अंगावर साबण वाळलेला असताना माणूस फार वेळ नकार देऊ शकत नाही. प्राध्यापकांनी स्वतःच्या हाताने साडूंना फोन लावला. त्या क्षणी त्यांना काय वाटलं, हे सांगायला माझ्यापाशी शब्द नाहीत. ॲसिडिटीच्या गोळ्यांची पूर्ण पट्टी संपली, एवढंच सांगतो.

धाकटे आले. प्राध्यापकांच्याच घरातली वेताची खुर्ची त्यांच्यासाठी जिन्यात आणून ठेवली गेली. त्यांनी चष्मा पुसला, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे जरा गुंतागुंतीचं आहे.” लोकांनी आदराने माना डोलावल्या. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “किल्ली कोणाकोणाला हवी आहे? ज्याला हवी, त्याने पहाटे उठून झडप उघडायची.”

जिन्यातला प्रत्येक जण आपल्या रिकाम्या बादलीत डोकावून बघू लागला.

अर्ध्या तासात सचिवांना परत बोलावण्याचं एकमताने ठरलं. संध्याकाळी ते आले, तेव्हा खजिनदारांनी त्यांची बॅग स्वतः उचलली. रात्री नळाला पाणी होतं आणि इमारतीतल्या प्रत्येक घरात धाकट्या जावयांचं नाव होतं. “काय डोकं आहे हो तुमच्या साडूंचं!” गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. “तुम्ही रसायनात ना? चांगलं असतं तेही.”

हेही प्राध्यापकांनी गिळलं असतं. पण पुढच्याच महिन्यात धाकट्यांनी त्यावर शोधनिबंध लिहून काढला आणि रविवारी सासऱ्यांनी तो टेबलावर मोठ्याने वाचून दाखवला. ‘गच्चीची किल्ली: मध्यमवर्गातील उत्स्फूर्त असंतोष’.

“उत्स्फूर्त?” प्राध्यापकांच्या हातातला चमचा खाली पडला.

“म्हणजे आपोआप झालेला,” धाकट्यांनी समजावून सांगितलं. “त्यामागे कोणाचाही हात नव्हता, हेच तर त्यातलं सौंदर्य आहे, साडूभाऊ.”

आपोआप! महिनाभर एकेक वाक्य तोलून जिन्यात सोडलं, त्याला आपोआप! लिफ्टमध्ये नेम धरून उसासे टाकले, ते आपोआप! त्या रात्री प्राध्यापकांनी एका बैठकीत आपला निबंध पुरा केला आणि सकाळी अर्जाला जोडून पाठवून दिला. शीर्षक होतं, ‘उत्स्फूर्त नव्हे’. सगळं लिहिलं, फक्त थेंब सोडणाऱ्याचं नाव तेवढं घातलं नाही. मत्सर झाला तरी माणसाला राहायचं त्याच इमारतीत असतं.

मुलाखतीला विभागप्रमुख बाई होत्या. त्या साडूंच्या मार्गदर्शकही होत्या. त्यांच्या शेजारी विभागातले सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक डोळे मिटून बसले होते. मुलाखतींत ते विचार करतात की झोपतात, यावर विभागात दोन मतं होती.

“तुमचे साडू म्हणतात, हे आपोआप झालं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही म्हणता, कोणीतरी घडवलं. पुरावा काय?”

प्राध्यापकांपुढे दोन वाटा होत्या. गप्प बसलं, तर इमारतीत अब्रू राहत होती, पण साडूंचा निबंधही राहत होता. तोंड उघडलं, तर दोन्ही जात होतं. त्यांनी फार विचार केला असं नाही.

“मी घडवलं,” ते म्हणाले, आणि गेल्या दोन वर्षांत प्रथमच त्यांना पोटात गार वाटलं.

“तुम्ही? एकट्यानं? इतकी साधी वाक्यं बोलून?” बाईंना हसू आलं. “असं काही होत नसतं हो.”

प्राध्यापक ज्येष्ठांकडे वळले आणि अत्यंत आदराने म्हणाले, “सर, बाईंच्या खुर्चीला हात आहेत, तुमच्या खुर्चीला नाहीत. सहज आपलं दिसलं म्हणून बोललो.”

ज्येष्ठांनी डोळे उघडले. त्यांनी बाईंच्या खुर्चीकडे बघितलं, मग आपल्या. कानाच्या पाळ्या हळूहळू गुलाबी झाल्या.

“मी तुम्हाला गेल्या वर्षीच म्हटलं होतं,” ते बाईंना म्हणाले.

“काय म्हटलं होतंत?”

“म्हटलं नव्हतं. पण मनात होतं.”

यानंतर थोडा वेळ मुलाखत प्राध्यापकांना सोडून चालली. ज्येष्ठ पाणी प्यायला बाहेर गेले, तेव्हा बाईंनी फाईल मिटली.

“खरं सांगा. तुम्हाला इथं का यायचंय?”

प्राध्यापकांनी ‘समाजातील काही व्यक्तींमुळे’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. “साडू,” ते म्हणाले.

बाईंनी समजुतीने मान हलवली. “मी मुळात गणितातली. माझी मोठी जाऊ अर्थशास्त्रात आहे.” मग त्या म्हणाल्या, “पण तुम्हाला प्रवेश नाही देता यायचा. तुम्ही केलंत ते राज्यशास्त्र नाही, राजकारण आहे. त्याला प्रवेशपरीक्षा नसते. आणि हे बघा, जाताना कॉरिडॉरमध्ये कोणाशी काही बोलू नका.”

रविवारी प्राध्यापक सासुरवाडीला गेले तेच डोकं दुखतंय असं सांगायची तयारी करून. पण धाकटे आधीच पोचले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. विभागप्रमुख बाईंनी त्यांना ‘उत्स्फूर्त’ हा शब्द निबंधात जिथं जिथं आला तिथून काढायला सांगितला होता. तो सगळीकडेच आला होता.

“मला साडूभाऊंची मुलाखत घ्यायला सांगितलीये,” धाकटे टेबलाकडे बघत म्हणाले. “संशोधनाचा विषय म्हणून.” मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. थेंब, नळी, टाळू, सगळं.

पत्नीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. “अहो! म्हणजे पाणी तुमच्यामुळे गेलं होतं?”

“निम्मं तुझ्यामुळे,” प्राध्यापक म्हणाले. शास्त्रज्ञाने खोटं बोलू नये.

ती त्यावर काय म्हणाली असती ते म्हणाली असतीच, पण सासऱ्यांनी हात वर केला. वर्ग शांत झाला. त्यांनी पेपरची घडी केली. गेली दोन वर्षं ती घडी झाली की मान धाकट्यांकडे वळे. आज ती थोरल्यांकडे वळली.

“नुसत्या बोलण्यानं पाडलीत समिती? एकट्यानं?”

“हो.”

“आणि कोणाला पत्ता नाही?”

“नाही.”

सासऱ्यांच्या नजरेत अशी काही चमक आली, की धाकट्यांनी चष्मा काढून पुसला, पण कोणी बघितलं नाही. त्यांच्या गालावर हलकी गुलाबी छटा चढत होती. प्राध्यापकांनी ती डोळे भरून पाहिली.

“जावईबापू, जरा इकडे या,” सासरे उठले. त्यांनी प्राध्यापकांना खिडकीपाशी नेलं आणि आवाज खाली आणला. “एक नाजूक काम आहे. तुमच्यासारख्याच माणसाचं. हे कानोकान कोणाला कळता कामा नये.”

प्राध्यापकांच्या डोळ्यांपुढे सासऱ्यांचं ज्येष्ठ नागरिक मंडळ उभं राहिलं. वर्षानुवर्षं न हलणारे त्याचे अध्यक्ष उभे राहिले. त्यांनी मनात नळी भरून घेतली. “बोला,” ते गंभीरपणे म्हणाले.

सासऱ्यांनी स्वयंपाकघराकडे एकवार बघितलं आणि हळूच बाही पुढे केली. “डॉक्टरांनी मला कॉफी बंद केलीये, माहीत आहे ना? हा डाग तुमच्या सासूबाईंनी बघायच्या आत निघेल का?”

प्राध्यापक काही बोलायच्या आधी मागून धाकट्यांचा आवाज आला. ते पाठोपाठ आले होते. “मीठ चोळून बघा की,” ते म्हणाले. “आमच्याकडे जातो मिठानं.”

“तुम्ही बाजूला व्हा हो!” प्राध्यापक इतक्या जोरात ओरडले, की सासऱ्यांनी घाईघाईने बाही पाठीमागे लपवली. “तुम्ही तुमच्या राज्यशास्त्राचं बघा. म्हणे मीठ! बसेल तो डाग कायमचा!” मग त्यांनी बाही पुन्हा पुढे ओढून घेतली, उजेडात धरली, आतून बाहेरून निरखली आणि मान न वळवता पत्नीला हाक मारली.

“अगं, जरा व्हिनेगर आण. आणि ड्रॉपर असला तर बघ.”